छटाक, शिक्केसाहेब आणि दारामागचं वजन

शिक्केसाहेबांनी आयुष्यात फक्त दोन गोष्टींवर विश्वास ठेवला. एक वजन, दुसरं माप. माणसांवर ठेवलाच नाही असं नाही, पण तोही आधी तोलून, मग. साहेब वजनमापं तपासायच्या खात्यात होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचे, नसले तर उचलून न्यायचे. त्यावरून गावानं हे नाव दिलं, आणि निवृत्तीनंतरही ते चिकटून राहिलं. बाजारात साहेबांचा दरारा असा, की ते कोपऱ्यावर दिसले तरी बटाटे पारड्यात अंग चोरून बसायचे. साहेब डोळे मिटून नुसता पारड्याचा आवाज ऐकायचे आणि सांगायचे, "डावीकडचं हलकं आहे." खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

तर अशा या साहेबांच्या घरात मांजराचं पिल्लू आलं. मुठीएवढं, राखाडी, एक कान जरा दुमडलेला. साहेबांनी तळहातावर घेऊन दोनदा झुलवलं आणि नाव ठेवलं छटाक, म्हणजे जुन्या शेराचा सोळावा भाग. नातीला फोन करून सांगितलं. नातीचं नाव घरात चिमणी. चिमणीनं फोनवरच जाहीर केलं, "सुट्टीत मी आजोबांकडे जाणार. छटाककडे."

साहेब त्या दिवशी घरात शीळ वाजवत हिंडले. कारण असं, की सुट्टीत चिमणी कुठे जाणार यावरून साहेब आणि त्यांचे व्याही यांच्यात बोलाचाली नसलेलं युद्ध चालू होतं. व्याह्यांनी गेल्याच महिन्यात अंगणात पोहायचा हौद बांधून घेतला होता. निळ्या फरशीचा! साहेबांकडे अंगणच नव्हतं, तर हौद कुठून आणणार? आता मात्र मांजर होतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, पिल्लाला जंतांचं औषध दिलंत का?"

"कशाला? चांगलं टुणटुणीत आहे."

"आणि लस?"

"अगं, तू लहान होतीस तेव्हा आपल्याकडे मांजरं..."

"मी लहान असतानाचं सांगू नका. जंतांचं औषध आणि पहिली लस, दोन्ही झाल्याशिवाय मी चिमणीला पाठवणार नाही. ती मांजराला उशाशी घेऊन झोपणार, मला माहितीये. नाहीतर सासरे केव्हाचे म्हणतायत, हौद तयार आहे म्हणून."

हौद म्हटल्याबरोबर साहेब ताठ उभे राहिले. उभं राहताना पायाचा अंगठा दारामागच्या लोखंडी वजनावर आपटला. ते एक किलोचं वजन म्हणजे व्यापारी संघानं निवृत्तीच्या समारंभात दिलेली भेट. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून साहेबीणबाईंनी ते दारामागे ठेवलं होतं, आणि तेव्हापासून साहेबांचा अंगठा त्यावर नेमानं आपटायचा.

"दोन्ही होईल," अंगठा धरून साहेब फोनमध्ये म्हणाले. "सुट्टी लागायच्या आत होईल. माझा शब्द!"

दुसऱ्या दिवशी साहेब टोपलीत छटाकला घालून जनावरांच्या दवाखान्यात गेले. बाकावर रांग होती. एक झोपाळू कुत्रा, एक चिडका बोकड आणि पिंजऱ्यातला पोपट घेतलेले एक गृहस्थ. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चटपटीत होत्या. साहेबांना त्यांनी "या आजोबा" म्हटलं, तिथेच पहिली ठिणगी पडली.

"आधी जंतांचं औषध. ते वजनावर असतं. मग आठवड्यानं लस," असं म्हणून त्यांनी छटाकला काट्यावर ठेवायला हात पुढे केला.

"थांबा!" साहेब गरजले. बोकडानंसुद्धा चघळणं थांबवलं. "या काट्यावर शिक्का नाही."

"काय नाही?"

"शिक्का! तपासणीचा. शिक्का नसलेल्या काट्यावर तोललेलं वजन हे वजनच नव्हे. तो नुसता अंदाज." मग रांगेकडे वळून, अगदी सार्वजनिक हिताचं बोलावं तसे म्हणाले, "तुम्हा सगळ्यांना हेच सांगतो. तुमच्या जनावरांना आजवर अंदाजपंचे औषधं दिली गेलीत."

पोपटवाले गृहस्थ पिंजरा मांडीवर ओढून घेऊन बसले. डॉक्टरीणबाईंचे कान लाल झाले.

"असं? मग तुमच्या शिक्क्याच्या काट्यावर वजन करून आणा. मी वजनाशिवाय एक थेंब देणार नाही. पुढचं कोण आहे?"

साहेब टोपली उचलून बाहेर पडले. तालुक्यातल्या एकूण एक काट्याला ज्यानं शिक्का मारला, त्याला काट्याची काय वानवा? असं त्यांना वाटलं. बिचारे!

घरी बाथरूममध्ये उभं राहायचा एक काटा होता. साहेब आधी एकटे उभे राहिले, मग छटाकला घेऊन. दोन्हीतला फरक म्हणजे मांजर, साधा हिशोब. पण छटाकला घेऊन उभं राहिल्यावर साहेबांचं वजन अर्धा किलो कमी भरलं. पुन्हा केलं. पुन्हा कमी.

"म्हणजे मांजराचं वजन शून्याच्या खाली," साहेब म्हणाले.

"मग तिला औषध द्यायचं नसेल," दारातून साहेबीणबाई म्हणाल्या. "तिच्याकडूनच घ्यायचं असेल. अहो, त्या डॉक्टर मुलीकडे परत जा आणि म्हणा चुकलं. जीभ झिजत नाही."

"चूक असती तर म्हटलं असतं."

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर आले. तेही निवृत्त. पण शिकवणं सुटलेलं नाही, त्यामुळे जिन्यात सापडेल त्याला शिकवतात.

"साहेब, काटा हवाच कशाला? बादली काठोकाठ भरा. मांजर हलकेच आत सोडा. जेवढं पाणी बाहेर सांडेल ते भांड्यात धरा आणि मोजा. विज्ञान आहे हे!"

"मास्तर, मांजर पाण्यात उतरेल का?"

"विद्यार्थीही उतरायचे नाहीत. मी उतरवायचो."

बादली भरली. मास्तरांनी बादली धरली, साहेबांनी मांजर धरलं, साहेबीणबाईंनी कपाळ धरलं. छटाकच्या मागच्या पायाला पाण्याचा थेंब लागला मात्र, आणि पुढचं कुणालाच नीट दिसलं नाही. छटाक साहेबांच्या दंडावरून धावत खांद्यावर, खांद्यावरून मास्तरांच्या टकलावर, आणि तिथून थेट पडद्याच्या दांडीवर! बादली आडवी झाली. पाणी खालच्या मजल्यावर जाऊन स्वतःची ओळख करून देऊन आलं. मास्तर म्हणाले, "प्रयोग योग्य होता, विद्यार्थी कच्चा निघाला," आणि टकलाला टॉवेल लावून वर निघून गेले.

साहेबांच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत लाल रेघा उमटल्या होत्या. साबणानं हात धुऊन ते कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. हे माणसांचे डॉक्टर. त्यांनी ओरखडे बघितले, मांजराला लस नाही हे ऐकलं, आणि सुई काढली. एक आज, बाकीच्या नंतर. मांजर घरभर फिरतं, स्वयंपाकघरातही येतं, हे ऐकल्यावर साहेबांना आणि साहेबीणबाईंना जंतांच्या गोळ्याही दिल्या.

रात्री गोळी चघळत साहेबीणबाई म्हणाल्या, "आता या घरात सुई टोचलेले तुम्ही आहात, आणि जंत गेलेली दोन माणसं आहेत. पाठवून द्या म्हणावं चिमणीला. मांजर तेवढं राहिलंय."

साहेबांच्या जबड्याचा तो विशिष्ट कोपरा पुढे आला होता. तो पुढे आला की पूर्वी बाजारातली शटरं खाली यायची.

सकाळी साहेब टोपली घेऊन बाजारात गेले. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही. साहेब नोकरीत होते तेव्हा अचानक तपासणीला वेष पालटून जायचे. एकदा पायाला प्लास्टर घालून गेले. एकदा साहेबीणबाईंना पुढे घालून, स्वतः मागे बहिऱ्या दिराचं सोंग घेऊन. एकदा तर म्हणे पोत्यात बसून गेले आणि कांद्यांबरोबर तोलले गेले, पण ती साहेबीणबाईंनी वाढवलेली गोष्ट असावी. बाजार मात्र हे काही विसरला नव्हता.

भाजीवालीनं साहेबांना लांबून बघितलं. टोपली बघितली. काटा उचलला आणि खाली घालून त्यावर बसली.

"मावशी, जरा काटा द्या. हे मांजर तोलायचंय."

"काटा? कसला काटा? आज मी सगळं ढिगानं विकतेय, साहेब."

"अहो, तुम्ही काट्यावरच बसलाय."

"पाठ दुखते. आधाराला घेतलाय."

साहेब पुढे गेले. भंगारवाल्याचा टांगता काटा दुकानाबाहेर लटकलेला असायचा. आज तिथे त्याचा शर्ट वाळत होता. सोनार दारात आडवा उभा राहून म्हणाला, "साहेब, आज आम्ही सोनं विकत नाही. नुसतं दाखवतोय." रस्त्याच्या या टोकाकडून त्या टोकाला फोन आधी पोचत होते आणि साहेब मागून. शेवटी ते किराणावाल्याकडे आले. हा किराणावाला म्हणजे व्यापारी संघाचा अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचा, गोड बोलणारा. त्याच्या फळीवर काट्याच्या जागी झेंडूच्या रंगाचं फडकं पसरलेलं होतं आणि वर एक कुंडी.

"अहो, मी निवृत्त झालोय!" साहेब अगदी कळवळून म्हणाले. "मला कसलीही तपासणी करायची नाही. हे मांजर आहे. खरं मांजर!" आणि त्यांनी टोपलीचं झाकण उघडलं. छटाकनं डोकं बाहेर काढून एक बारीकशी म्याव केली.

किराणावाला वाकून बघत राहिला. मग शेजाऱ्याला म्हणाला, "या वेळची तयारी बघितलीस? आवाजसुद्धा काढतंय."

साहेब घरी आले तेव्हा फोन वाजत होता. चिमणी होती.

"आजोबा, छटाक किती मोठी झाली?"

आयुष्यभर ट्रकपासून तोळ्यापर्यंत सगळं तोललेल्या माणसाला मुठीएवढ्या मांजराबद्दल काही सांगता येईना.

"झालीये, झालीये," साहेब म्हणाले.

"आई म्हणते, तिला अजून औषध नाही दिलं. तिकडच्या आजोबांनी मला मगरीच्या आकाराची हवेची गादी आणलीये." मग जरा थांबून हळूच म्हणाली, "पण मला छटाकच हवी. औषध द्या ना, आजोबा."

साहेबांनी फोन ठेवला. साहेबीणबाईंना वाटलं, आता म्हणतील चुकलं. पण साहेब वळले, तडक दाराकडे गेले, वाकून ते लोखंडी वजन उचललं आणि धोतर खोचलं... म्हणजे धोतर नव्हतं, पॅंट होती, तर पॅंटच वर ओढली.

"काय करताय?"

"त्या डॉक्टरीणबाईंचा काटा त्यांच्यासमोर तपासणार. हे शिक्क्याचं वजन आहे. काटा खरा निघाला तर तिथेच तोलतो. खोटा निघाला तर तो सुधारून घेतो आणि मग तोलतो. पण आज औषध देऊनच येणार."

एका हातात मांजराची टोपली, एका हातात लोखंड. रस्त्यानं बघणारे बाजूला होत होते.

दवाखान्यात तोच कुत्रा, तोच बोकड, तोच पोपट. त्यांचं काय चाललं होतं देव जाणे. साहेबांनी कुणालाही न विचारता वजन काट्यावर ठेवलं. आकडे धावले आणि थांबले. नऊशे साठ.

"बघा!" साहेबांचा आवाज खिडकीबाहेर गेला. "एक किलोला चाळीस ग्रॅम खातो तुमचा काटा!"

डॉक्टरीणबाईंनी कपाटातून एक छोटी डबी काढली, त्यातून चकचकीत पोलादी वजन काढलं आणि काट्यावर ठेवलं. एक हजार, काटेकोर.

"ते काट्याबरोबर आलेलं असेल. घरचाच साक्षीदार!" साहेब म्हणाले.

"बाहेरचा माझ्याकडे आहे," पोपटवाले गृहस्थ मध्येच म्हणाले. त्यांनी पिशवीतून पोपटाच्या दाण्यांची न फोडलेली पिशवी काढली. एक किलोची. काट्यावर ठेवली, तर एक हजार आणि पिशवीचे वर चार. मग बोकडवालीनं न फोडलेला मिठाचा पुडा ठेवला. तोही बरोबर.

म्हणजे काटा सगळ्या जगाशी खरं बोलत होता आणि फक्त साहेबांशी खोटं?

साहेबांनी आपलं वजन उचललं. उलटं केलं. खालच्या भोकात भरलेल्या शिशावर शिक्का होता. त्यांच्याच हातचा. आणि त्यांना तो समारंभ आठवला. टेबलावर मखमल, त्यावर हे वजन, समोर सगळा बाजार, हातात फुलांचा गुच्छ. अध्यक्ष म्हणाला होता, "साहेब, तुमच्या हातचा शेवटचा शिक्का याच्यावर पडू द्या." टाळ्या पडत होत्या. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या पाण्यातून त्यांनी ठोकला शिक्का. आयुष्यात पहिल्यांदा, आणि शेवटच्यांदाही, न तोलता!

अशा वेळी वजन टोपलीत टाकून, घड्याळ बघून, "आलोच" म्हणून निघून जाता येतं. साहेबांचा पाय एकदा दाराकडे वळलाही. पण टोपलीत छटाकनं आळोखेपिळोखे दिले, तिचा तो दुमडलेला कान बाहेर आला, आणि साहेबांच्या डोळ्यांपुढे हवेची मगर तरंगली.

त्यांनी रांगेकडे तोंड केलं. आदल्या दिवशी ज्या आवाजात बोलले होते त्याच आवाजात म्हणाले, "डॉक्टरीणबाईंचा काटा बरोबर आहे. तुमच्या जनावरांना औषधं बरोबर मिळालीत. खोटं आहे ते हे वजन. आणि त्याच्यावर शिक्का माझा आहे."

पोपट म्हणाला, "वा!" तो तेवढंच बोलायचा म्हणे, पण वेळ छान साधली.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे केली. "बसा, आजोबा. पाणी घ्या." मग जरा हसून म्हणाल्या, "काट्यावर शिक्का नाही हे मात्र तुमचं खरं. तुम्ही गेल्यावर मी तपासणीची मुदत बघितली, केव्हाच संपलीये. उद्याच करून घेते."

या वेळी "आजोबा" साहेबांना खुपलं नाही.

छटाक काट्यावर बसली. सव्वासातशे ग्रॅम भरली. साहेबांनी आकडा दोनदा मोठ्यानं वाचला. औषधाची पहिली पिचकारी साहेबांच्या चष्म्यावर गेली, दुसरी बोकडाकडे, तिसरी मात्र छटाकच्या पोटात. आठवडा गेल्यावर लस झाली. छटाकनं हूं की चूं केलं नाही. साहेबांनी मात्र डोळे गच्च मिटून पोपटवाल्यांचा हात इतका दाबला, की त्यांना तिथेच कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा पत्ता विचारावा लागला.

मग साहेब ते वजन घेऊन बाजारात गेले. भाजीवाली काट्यावर बसली, भंगारवाल्यानं शर्ट वाळत घातला. साहेब सरळ किराणावाल्याच्या फळीसमोर गेले आणि वजन ठण्णकन ठेवलं.

"चाळीस ग्रॅम."

किराणावाल्यानं वजनाकडे बघितलं. साहेबांकडे बघितलं. मग दुकानातून बाहेर येऊन सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "साहेबांनी तोललं रे! तोललं एकदाचं!"

आणि बघता बघता सगळा बाजार जमला. सोनार आला, भंगारवाला आला, भाजीवाली काटा तसाच सोडून आली.

"म्हणजे मुद्दाम?" साहेब म्हणाले.

"साहेब, एवढी वर्षं तुम्ही आमची परीक्षा घेतलीत. म्हटलं, जाताना एकदा आपणही घ्यावी. वाटलं, संध्याकाळी घरी जाऊन तोलाल आणि सकाळी आमच्यावर धाड घालाल. त्या रात्री बाजारात कुणी झोपलं नाही. आठवडा गेला, तुम्ही नाही. वर्ष गेलं, तुम्ही नाही. आमच्यात चहाच्या पैजा लागल्या, आज तोलतील, उद्या तोलतील."

"म्हणजे मी नापास," साहेब हळूच म्हणाले.

किराणावाल्यानं मिशीवरून हात फिरवला. "नापास आम्ही झालो. तुम्ही आमच्या वजनावर न तोलता शिक्का मारलात, हे मनाला लागलं. तेव्हापासून माझा काटा बरोबर आहे, साहेब." मग जरा विचार करून म्हणाला, "बहुतेक."

"मग त्या दिवशी लपवलास कशाला?"

"सवय, साहेब."

सुट्टी लागली आणि चिमणी आली. व्याह्यांच्या हौदात त्या वर्षी म्हणे बेडकांनीच सूर मारले. चिमणीनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, आधी छटाकला उचललं आणि म्हणाली, "आजोबा, हिचं वजन करू या?"

साहेब दोघींना घेऊन बाजारात गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे काटे फळीवर होते, शर्टाशिवाय, कुंडीशिवाय. किराणावाल्यानं स्वतः पारडं पुसलं. चिमणीनं छटाकला आत बसवलं. आकडा आला. चिमणीनं मान वर करून विचारलं, "आजोबा, हा काटा बरोबर आहे ना?"

सगळा बाजार साहेबांच्या तोंडाकडे बघत होता. किराणावाल्याची मिशी थरथरत होती. साहेबांनी काट्याकडे बघितलं, किराणावाल्याकडे बघितलं.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले.

चिमणी नाचत बाहेर पळाली, भाजीवालीला मांजर दाखवायला. तिची पाठ वळली आणि साहेबांनी खिशातून एक छोटी डबी काढली. डॉक्टरीणबाईंकडून मागून आणलेली. चकचकीत वजन हलकेच पारड्यात ठेवलं.

एक हजार. काटेकोर.

"अहो साहेब!" किराणावाला दुखावून म्हणाला. "आत्ताच म्हणालात ना, बरोबर आहे म्हणून?"

साहेबांनी वजन डबीत ठेवलं, डबी खिशात ठेवली आणि मांजराच्या मागे निघाले.

"सवय," ते म्हणाले.